बटणांच्या डब्यातला फोन

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्माने बिस्किटांचा, कर्माने बटणांचा. कारखान्यात माझ्या झाकणावर निळी फुलं छापली होती, त्यातली आता अडीच उरली आहेत. बिस्किटं संपल्यावर मी एका शिंपीणबाईंच्या दुकानात आलो आणि वीस वर्षं कापणीच्या टेबलावर बसून बटणं सांभाळली. बाई मशीन चालवायच्या, त्यांच्या सासूबाई खिडकीपाशी बसून हाताने काजं करायच्या. बटण हवं झालं की माझी आठवण निघायची. तेवढ्या कौतुकावर माझं भागत होतं.

पुढे सासूबाईंची बोटं आखडू लागली. सुई धरली की त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. काजं करायचं मशीन घ्यायचं म्हणून बाईंनी पैसे साठवले. नेमका तेव्हाच त्यांचा धाकटा भाऊ दुकानात आला.

"ताई, पैसे नुसते कशाला पडून राहू देतेस? इंटरनेट कंपनीचे शेअर घे. वर्षभरात एकाची दोन मशीनं येतील!"

बाईंनी सगळेच्या सगळे पैसे त्यात घातले.

भाव चढला, पडला, पुन्हा चढला. बाई टाक्यागणिक फोन बघू लागल्या. एक दिवस एका वकीलबाईंच्या कोटाच्या दोन्ही बाह्या त्यांनी डाव्याच कापल्या. कापड पदरचं भरून द्यावं लागलं.

सासूबाईंनी माझ्यातली बटणं बरणीत ओतली, फोन माझ्यात ठेवला आणि झाकण दाबून बसवलं.

"आता जेवण झाल्यावर बघायचं. दिवसातून एकदाच."

खरं सांगतो, बटणं गेल्याचं मला वाईट वाटलं. तेजी-मंदी काही मला कळत नाही. मला वजन तेवढं कळतं आणि फोनचं वजन रोज सारखंच भरायचं.

मग एका सकाळी फोन माझ्या पोटात वाजायचा थांबेचना. थोड्या वेळाने भाऊच धापा टाकत आला.

"ताई, फोन का उचलत नाहीस? वीस टक्के पडलाय! मी सगळं विकून मोकळा झालो. तूही वीक!"

बाईंचा हात झाकणावर आला. त्या सासूबाईंच्या बोटांकडे बघत होत्या.

"आधी ती बाही जोड," सासूबाई म्हणाल्या. "उजवी आहे ना, ते बघ."

बाईंनी हात काढून घेतला.

जेवणानंतर झाकण उघडलं तेव्हा अर्धी पडझड भरून निघाली होती. दुसऱ्या दिवशी भावाने तेच शेअर चढ्या भावाने परत घेतले. बाईंनी मात्र मशीनसाठी चार-दोन सोडून बाकीचे विकून टाकले. थोडा तोटा झालाच.

"हे पैसे मुळात तिथे ठेवायलाच नको होते, आई," त्या म्हणाल्या.

नवं परवडलं नाही, वापरलेलं मशीन आलं. चालतं मात्र झकास. उरलेले शेअर अजून चढतात-उतरतात आणि फोन अजून माझ्यातच असतो.

तेव्हा मित्रांनो, जुना डबा भंगारात देऊ नका. त्याचं झाकण घट्ट बसतं ना, तेवढं बघत जा. माझं जरा सैल झालंय. सासूबाईंचे हात आता रिकामे असतात. कालच त्यांनी माझं झाकण हळूच उचललं.

"बघू तरी, आज कुठवर गेलाय!"

बाईंनी कापडावरून नजरही काढली नाही.

"आई, जेवण झाल्यावर."