तळ्यातलं औषध

बाईंनी गाऊनचं वरचं बटण काढलं, बाळाला छातीशी ओढलं आणि सवयीने खिडकीबाहेर पाहिलं, तर तळ्याच्या काठावरचा बगळा कोसळत होता. उभ्या उभ्या. आधी त्याची मान एका बाजूला कलली, मग पाय दुमडले आणि तो चिखलातच बसला. एक पंख उघडा राहिला, तो त्याला मिटता येईना. बाईंनी बाळाच्या तोंडापुढे हात धरला. बाळ तो हातच चोखायला लागलं.

त्या शाळेत विज्ञान शिकवत, म्हणून सगळं घर त्यांना बाई म्हणत असे. नवराही म्हणे, आणि तो चारचौघांत मुद्दाम. बाळासाठी त्यांनी रजा घेतली होती. बाळाची मान अजून सावरत नव्हती.

"आई," त्यांनी आत हाक मारली, "दुपारचा मासा कुठला होता?"

सासूबाई हात पुसत आल्या. कुठला म्हणजे काय, आपल्याच तळ्यातला. थोरला बाजाराला गेल्यावर त्या पाण्यावर गेल्या होत्या, तर हा एवढा मासा काठाशी आ वासून उभा. जाळं नको, काही नको. वाकल्या आणि उचलला. देव देतो तेव्हा असं हातात देतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. पाजणाऱ्या बाईला माशासारखं दुसरं काही नाही, म्हणून मधले चांगले तुकडे त्यांनी सुनेला वाढले होते आणि स्वतः शेपटीवर भागवलं होतं.

"आणि पाणीही स्वच्छ आहे आत्ता," त्या म्हणाल्या. "सकाळीच औषध पडलंय त्यात."

"कसलं औषध?"

"ते मला काय ठाऊक? धाकट्याने टाकलं. जाता जाता ओरडून गेला, आई, तळ्यात औषध गेलंय, दादाला सांग म्हणून. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, भावाच्या माशांची काळजी आली एकदाची."

बाईंचा नवरा अधूनमधून तळ्यात औषध टाकत असे, माशांच्या अंगावर चट्टे उठले की. तेही औषधच. पण धाकट्या दिराला माशांशी काय करायचंय? त्याची तळ्यापलीकडे पेरूची बाग होती आणि सकाळी पाठीवर पंप अडकवून तो झाडांवर फवारत होता. फवारतात तेही औषध. खोकल्यावर घेतात तेही औषध आणि उंदराच्या बिळापाशी ठेवतात तेही. आपल्या भाषेने जगवायला आणि मारायला एकच शब्द ठेवलाय, आणि तो शब्द सासूबाईंनी आपल्या चांगल्या मनाने ऐकला होता. दिराने पंप तळ्यात धुतला असणार.

"आई, ते विष होतं."

सासूबाईंना आधी पटेना. मग त्यांनी बगळा पाहिला आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या.

दिराचा फोन लागत नव्हता. तो पेरू घेऊन कुठल्या रस्त्यावर होता कोण जाणे. नवऱ्याचा लागला. सगळं ऐकून तो गाडी वळवतो एवढंच म्हणाला. पावडरचं दूध घेऊन ये, असं बाईंनी त्याला दोनदा बजावलं. मग डॉक्टरांना फोन लावला, तर त्यांनी औषधाचं नाव विचारलं. नाव कळेपर्यंत अंगावर पाजू नका, दोघींना आणि बाळाला घेऊन लगेच या, असं ते म्हणाले. चक्कर येते का, मळमळतंय का, तोंडाला पाणी सुटतंय का, हेही त्यांनी विचारलं. बाईंना मळमळत होतं. पण त्यातली भीतीची मळमळ किती आणि माशाची किती, हे त्यांना सांगता येईना.

गाडी येईपर्यंत थांबायचं होतं. आणि बाळाला तर थांबणं माहीतच नव्हतं.

ते आधी कुरकुरलं, मग रडलं, मग असं रडलं की त्याचे ओठ निळसर पडले. सासूबाईंनी चमच्याने साखरेचं पाणी देऊन पाहिलं, ते सगळं हनुवटीवरून खाली आलं. त्याच्या प्रत्येक टाहोसरशी बाईंची छाती आपोआप वाहत होती, गाऊन पुढून ओला झाला होता. त्या मोरीत गेल्या आणि दूध पिळून टाकलं. पांढरं, कोमट, रोजच्यासारखं. त्यांनी वाकून वास घेतला. काही कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

वर्गात हा धडा त्यांचा हातखंडा होता. फळ्यावर खाली शेवाळ, शेवाळावर किडे, किड्यांवर छोटे मासे, मग मोठा मासा, मग माणूस, मध्ये बाण. उन्हातून आलेली शक्ती एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना जेमतेम दहावा हिस्सा पोचते, बाकीची हलण्यात, श्वासात, अंगाच्या उबेत उडून जाते, हे त्या हातवारे करून सांगत. म्हणून वरच्याला ढीगभर खावं लागतं, मुलांनो. आणि त्या ढिगात जे उबेसारखं उडून जात नाही, त्याचं काय होतं, हे सांगायला तास पुरत नसे. एकदा एका मुलीने विचारलं होतं, बाई, माणसाला कोण खातं? वर्ग हसला होता. बाईही हसल्या होत्या. कोणी नाही, आपण शेवटचे, असं सांगून त्यांनी फळा पुसला होता.

आता त्या शेवटच्या नव्हत्या. त्यांच्यावर आणखी एक बाण होता आणि त्याच्या टोकाशी त्यांचं लेकरू तोंड उघडून रडत होतं.

"तुझ्या जावेला बोलावते," सासूबाई म्हणाल्या. "तिलाही भरपूर दूध येतं. तिचं पोर अजून पितंय."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हे आपल्याला कसं सुचलं नाही? धाकटी जाऊ तळ्यापलीकडे तर राहत होती. पोर टाहो फोडतं तेव्हा आईचं शिक्षण खुंटीला टांगलेलं असतं, दुसरं काय.

"पण ऐक," सासूबाईंनी बाईंचा हात धरला. "कारण नको सांगूस तिला. तिच्या नवऱ्याची चूक. दोघं भाऊ आत्ता कुठे बोलायला लागलेत. ही गोष्ट तिच्या तोंडून त्याच्याकडे गेली की संपलं. थोरला येऊ दे, मी स्वतः बोलते. तोवर म्हण, दूध उतरत नाही."

त्या घटकेला बाईंनी कशालाही हो म्हटलं असतं.

जाऊ काठाकाठाने धावतच आली. तिने काही विचारलं नाही. दारातच बाळाला घेतलं, भिंतीला टेकून बसली आणि पदराशी लावलं. एक हुंदका, दुसरा हुंदका आणि मग घरात फक्त गटागटा पिण्याचा आवाज राहिला. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. बाईंना इतका वेळ दाबलेलं रडू आता फुटलं. ओल्या गाऊनवर उशी धरून त्या जावेशेजारी बसून राहिल्या. ही मुलगी कधी आपल्याला विशेष आवडली नव्हती, हे आठवून त्यांना लाज वाटली.

"होतं असं, ताई," जाऊ म्हणाली. "माझंही मागे आटलं होतं. काळजी करू नका, मी येत जाईन. तुम्ही फक्त खायचं बघा."

बाळाची मूठ हळूहळू सुटली. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब तसाच ठेवून ते झोपलं. जावेने त्याला अलगद बाईंच्या मांडीवर दिलं, पदर सारखा केला. तिचा चेहरा जरासा घामेजला होता.

"मला मेलीला कधी नव्हे ती सुस्ती आलीय आज," ती हसत म्हणाली. "जेवण अंगावर आलं. सकाळी धुणं घेऊन तळ्यावर गेले, तर मासा आपणहून काठाला आलेला. हाताने धरला. दादांना सांगू नका हं, त्यांच्या तळ्यातला म्हणून. एकटीच होते, सगळा मीच संपवला."

सासूबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. तळ्यापलीकडून एक रडणं ऐकू यायला लागलं.

"उठलं वाटतं माझं," जाऊ म्हणाली आणि भिंतीला हात लावून उठू लागली. "भुकेलं असेल. जाते, पाजते त्याला."

बाईंनी तिचं मनगट धरलं.

"काय झालं, ताई?"

बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई जमिनीकडे पाहत होत्या. पलीकडलं रडणं वाढत होतं.

"बस," बाई म्हणाल्या. "तुला एक सांगायचंय."