आवकीचा काटा

बालाघाटहून लालबर्ऱ्याकडे जाताना टिकाराम शेठची राईस मिल लागते. मिलमध्ये दोन काटे होते. फाटकापाशी आवकीचा, त्यावर शेतकऱ्यांचं धान तुललं जाई. मागच्या गोदामात जावकीचा, त्यावरून तांदूळ बाहेर पडे. दोन्हींवर सरकारी शिक्का होता. दोघांचं आपसात कधी पटलं नाही, एवढंच.

शेतकरी हिरालालचं धान घरी पुरं भरायचं आणि शेठच्या फाटकात आलं की वजनात उतरायचं.

"शेठ, घरून तं बरोबर तुलून आणलो!"

"रस्त्यानं वाळते ना बाबू," शेठ मायेनं सांगत. "ऊन पाह्यलं का कसं हाय?"

हे सांगताना त्यांचा उजवा हात कुडत्याच्या खिशात असे. खिशात मोटारीच्या चावीएवढं एक रिमोट. बटण दाबलं की काटा विनयानं खाली यायचा. किती खाली, ते शेठच्या मर्जीवर.

शेठचा नातू रजत बारा वर्षांचा. शाळेच्या तपासणीत त्याचं वजन फारच भरलं. डॉक्टर दीप्ती मॅडमनी त्याची आरोग्याची नोंद मोबाइलवर उघडून दिली आणि ती त्याच्या आईच्या, श्रुतिकाच्या फोनला जोडली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन टिंग करी आणि शुद्ध हिंदीत आठवण देई, 'रजत का वजन दर्ज करने का समय हो गया है.' वजन वाढलं असलं की फोनवरची पट्टी लाल व्हायची. पट्टी लाल झाली की घरातला समोसा बंद, जिलेबी बंद, आणि रजतची रवानगी वैनगंगेच्या घाटापर्यंत पायी.

"पोट्ट्याले उपाशी मारून राह्यली तू," शेठ सुनेला म्हणाले. "खात्यापित्या घरचं लेकरू. सुकलं तं लोक म्हणतीन, मिल बुडाली."

"मी कुठं म्हणते मामाजी? मोबाइल म्हणते."

शेठ मोबाइलशी भांडत बसले नाहीत. धंद्यात मुरलेला माणूस वजनाशी वाद घालत नाही, वजन करतो. घरातला काचेचा काटा त्यांनी माळ्यावर टाकला. "चायनाचा माल. आपल्या घरी शिक्क्याचा काटा असताना बाजाराचा काहून?"

रविवारी रजत आवकीच्या काट्यावर उभा राहिला. समोर श्रुतिका फोन घेऊन. शेठचा हात खिशात. पट्टी हिरवी झाली. 'बधाई हो,' फोन म्हणाला. शेठनी लगेच जिलेबी मागवली. मोबाइलच खूश, तर आपण काहून तोंड वाकडं करायचं?

दर रविवारी शेठ बोट थोडं जास्त दाबत. फोनवरची रेघ घाट उतरावा तशी उतरत गेली. श्रुतिकाला भरून आलं. "कमी होऊन राह्यलं ना, तं खाऊ दे एखादा समोसा," तीच म्हणू लागली. घरात फक्त रजतच्या पँटचा त्या रेघेवर विश्वास नव्हता. ती शिवणीतून फाटली.

"आजकालचा कपडा," शेठ म्हणाले.

मग त्याच्या मानेवर काळा पट्टा उमटला. श्रुतिकानं बेसन लावून घासला. मळ निघेना. आणखी घासला, कातडी सोलली, पोरगा रडला. काळं तसंच.

मग तहान. रजत तांब्याभर पाणी पिऊन परत माठाकडे वळायचा. मग मोरीत मुंग्या आल्या. तो लघवीला उभा राही तिथंच, दुसरीकडे कुठं नाही. शेठनी पावडर टाकली. मुंग्या पावडरीला वळसा घालून शिस्तीत परत आल्या. त्यांना कोणी नोंद दाखवली नव्हती.

एका सोमवारी रजतला शाळेत उलट्या झाल्या. त्याला मॅडमच्या दवाखान्यात आणला तेव्हा तो जोरजोरात श्वास घेत होता आणि त्या श्वासाला पिकून गेलेल्या फळाचा वास येत होता. दवाखाना एका खोलीचा, मध्ये अर्धा पडदा. पडद्याच्या अलीकडच्या बाकावर खोकला घेऊन हिरालाल बसलेला.

"राम राम शेठ. काय झालं नातवाले?"

"काही नाई. थोडं पोट."

मॅडमनी बोट टोचून साखर पाहिली. यंत्रानं आकडाच दिला नाही, नुसतं 'जास्त' लिहून दाखवलं. मग शेठनी आणि श्रुतिकानं धरून रजतला काट्यावर उभं केलं. मॅडमनी फोनवरची नोंद पाहिली, परत काटा पाहिला.

"कालची नोंद चोपन्न किलो. इथं सहासष्ट. एका दिवसात बारा किलो?"

"तुमचा काटा बिघडला असन," शेठ सवयीनं म्हणाले.

मॅडम स्वतः काट्यावर चढल्या, उतरल्या. "बरोबर आहे हा. ऐका शेठजी. या साखरेला सलाईन आत्ताच लावायला पाहिजे. पण एका दिवसात बारा किलो म्हणजे अंगात पाणी साठलंय, किडनी गेली असेल. तसं असलं तर हेच सलाईन त्याच्या छातीत भरेल. लावू की नको ते या नोंदीवर आहे. तुमच्या घरचा काटा खरा आहे ना?"

"खरा हाय मॅडम," श्रुतिका रडत म्हणाली. "शिक्का हाय त्याच्यावर. अख्खा लालबर्रा त्याच्यावर धान तुलते."

"हौ," बाकावरून हिरालालनं साक्ष दिली. "आमचं बी तिथंच."

मॅडमनी सलाईनची बाटली खाली ठेवली. शेठचा हात खिशात गेला. आजवर या खिशातून बाहेर आलेला हात नेहमी रिकामा आला होता.

"आबाजी," रजत म्हणाला. "पाणी."

शेठनी रिमोट काढून टेबलावर ठेवलं.

"काटा खोटा हाय. मी दाबतो. लावा सलाईन."

मॅडमनी पुढचं ऐकलं नाही. सुई लावली, गोंदियाच्या मोठ्या दवाखान्याला फोन केला, ॲम्ब्युलन्स बोलावली. श्रुतिका सासऱ्याकडे पाहत राहिली. ज्या हातानं तिनं पोराची मान सोलली होती तो हात तिनं पदरात लपवला.

हिरालाल उठला. रिमोट उचलून उलटंपालटं केलं, नव्या बियाण्याचं पुडकं पाहावं तसं.

"धान वाळते ना, शेठ?"

एवढंच विचारून तो बाहेर गेला. पडद्यामागून त्याचा फोनवरचा आवाज ऐकू येत राहिला. आवाज चढला नाही. नावं मात्र एकामागून एक घेतली जात होती.

ॲम्ब्युलन्स आली तोवर दवाखान्यासमोर ट्रॅक्टर लागले होते. ट्रॉल्या रिकाम्या होत्या, माणसं उभी होती. कुणी शिवी दिली नाही. स्ट्रेचर निघालं तसे सगळे बाजूला सरले आणि वाट करून दिली. पोरगा डोळे मिटून होता.

"पोट्टा जगन ना मॅडम?" शेठनी विचारलं.

"आत्ता काही सांगत नाही. बसा आत."

श्रुतिकाच्या फोननं टिंग केलं. 'बधाई हो. रजत अपने लक्ष्य के बहुत करीब है.'

शेठ ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर चढले तेव्हा हिरालालनं हात देऊन त्यांना वर घेतलं आणि दार लोटता लोटता शांतपणे म्हणाला, "घाई करू नका, शेठ. पोराचं पाहा पहिले. तुम्ही येतपर्यंत आम्ही मिलवरच बसून राहतो."