छायाच्या पोटातली पिशवी

मी पिशवी बोलतेय. बाजाराची नाही हो, छायाच्या पोटातली! शिकलेली माणसं मला गर्भाशय म्हणतात, पण आमच्या आंजी गावात माझं कुठलंच नाव कोणी मोठ्यानं घेत नाही. नळावर बायका माझ्याविषयी बोलतात त्या पदराआडून, आणि एखादा पुरुष आला की विषय लगेच कपाशीच्या पऱ्हाटीवर जातो.

मुठीएवढी तर मी. दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोश, माझ्या सख्याच त्या. महिन्यातून एकदा त्यांतली एक सखी बीज सोडते. पाहुणा येईल म्हणून मी आतून मऊ अंथरूण घालून ठेवते. नाही आला तर अंथरूण बाहेर टाकते आणि पुन्हा नव्यानं घालते. झालं, हीच ती पाळी! एवढ्या साध्या घरकामाला लोक विटाळ म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

छायाची लेक आकांक्षा माझ्याच कुशीत वाढली. छाया शेतात निंदण करता करता पोटातल्या लेकीशी बोलायची, ते सगळं मी ऐकलंय. बाळंतपणानंतर तिनं पोटावर हात ठेवून म्हटलं होतं, "थकली असशील व माय." इतकं मायेनं माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

पण संसाराच्या रगाड्यात छायाला माझ्याकडे बघायला फुरसत कुठली? ज्या गावात घराघरात कापसाचे ढीग लागतात, तिथे माझ्या वाट्याला जुन्या टेरिकॉटच्या साडीची घडी. तीही धुऊन गोठ्यामागे, परकराखाली लपवून वाळत घातलेली. उन्हाचं तोंड तिनं कधी पाहिलं नाही. तीच ओलसर घडी घेऊन छाया दिवसभर वावरात राबायची. मग खाज सुटली, अंगावरून पांढरं जायला लागलं, वास यायला लागला. लाजेपायी तिनं कोणाला काही सांगितलं नाही.

आणि त्यात भर देवीच्या गोळ्यांची! भादव्यात घरी महालक्ष्म्या बसतात. सासूबाई लीलाबाई सोवळ्याच्या भारी कडक. ऐन सणात पाळी नको म्हणून त्या कुंकवाच्या डब्यातून गोळ्या काढून सुनेला द्यायच्या. आधी फक्त महालक्ष्म्यांना, मग नवरात्रात, मग नणंदेच्या लग्नात, पुढे पुढे तर शेजारच्या सत्यनारायणालासुद्धा! दर वेळी मी अंथरूण आवरायला निघायची आणि गोळी म्हणायची, थांब, आत्ता नाही. किती थांबणार मी बापडी? माझा ताळतंत्रच सुटला. कधी भळाभळा जायचं, कधी मधूनच सुरू व्हायचं. छाया पांढरीफटक पडली.

एका दवाखान्यात सांगितलं, पिशवी सुजलीय, काढून टाका. शेजारच्या पौर्णिमानं लगेच री ओढली, "काढून टाक व बाप्पा. लेकरू झालं, आता काय लोणचं घालतं तिचं? माह्यी काढली, कटकट मिटली." छायाचा नवरा प्रेमदास म्हणाला, वेचणीच्या आधी उरकून घेऊ.

माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. यांच्यासाठी थांबले, यांची लेक वाढवली, आणि आता मलाच घराबाहेर काढायला निघाले!

लीलाबाई मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्यांवर हात टेकून कशाबशा उठल्या आणि म्हणाल्या, "आधी वर्ध्याले दुसऱ्या डॉक्टरले दाखवू."

"काऊन आई?" प्रेमदासनं विचारलं. "सगळ्याइच्या काढूनच राह्यले न."

"म्हणूनच म्हणतो," लीलाबाई म्हणाल्या. सासूसुना एसटीनं वर्ध्याला गेल्या.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट तपासलं. सोनोग्राफी केली, माझं तोंडही पाहिलं. मग विचारलं, "ताई, काही गोळ्या-औषधं घेता का?"

"नाई मॅडम. कोणतंच औषध नाई."

छाया खोटं बोलत नव्हती हो! तापाची गोळी ती औषधाची, देवीसाठी घेतली ती देवीची. ती औषधात धरायची असते, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. मी आतून ओरडत होते, सांग ना ग! पण ऐकतंय कोण?

तेवढ्यात लीलाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "मॅडम, मी देतो तिले गोळ्या. सण आला का पाळी पुढं ढकलाच्या."

"वर्षातून किती वेळा, आजी?"

लीलाबाई बोटं मोजायला लागल्या आणि मोजता मोजताच त्यांचा चेहरा उतरला. "पिशवी काढा लागन का?"

"नाही हो. पिशवी चांगली आहे. जंतुसंसर्ग झालाय, आणि मनानं घेतलेल्या या गोळ्यांनी पाळीचं गणित बिघडलंय. औषधानं बरं होईल."

"माह्यी त भरज्वानीतच काढली, मॅडम. दोन्ही बीजकोशासकट. तवापासून हाडं ठणकून राह्यले. काढू का म्हणून मले कोणी इचारलंबी नाई." एवढं बोलून ती कडक बाई पदरात तोंड घालून रडली. छायानं तिचा हात हातात घेतला. ज्या पिशवीत प्रेमदास वाढला, त्या माझ्या थोरल्या बहिणीसाठी त्या दिवशी पहिल्यांदा कोणी रडलं.

औषध प्रेमदासलाही दिलं होतं. तो चमकला, "मले काऊन? मले का पाळी येते?"

"तू नाई घेतलं त तिले पुन्हा तेच होते. घे मुकाट्यानं," लीलाबाईंनी दटावलं.

आता माझ्यासाठी मऊ सुती कापड असतं. ते साबणानं धुऊन अंगणातल्या दोरीवर भर उन्हात वाळतं. आकांक्षा शाळेत पॅड नेते आणि वेळेवर बदलते. मी सावरलेय. एक दिवस माझीही पाळी थांबेल, मी सुकून लहानशी होईन. ते माझ्या वेळेनं होऊ द्या, एवढंच मागणं. बायांनो, दुखलंखुपलं तर लाजू नका, आणि डॉक्टरला सगळं सांगा. देवीच्या गोळ्यासुद्धा!

आज घरी महालक्ष्म्या बसल्यात. चुलीवर नैवेद्याची आंबील शिजतेय, आणि नेमकं आजच मी वेळेवर अंथरूण आवरायला काढलं. छाया स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

"आई... मले आली."

तिची नजर सवयीनं कुंकवाच्या डब्याकडे गेली. लीलाबाईंनी डबा उघडला. आत नुसतं कुंकू होतं. त्यांनी बोट बुडवून छायाच्या कपाळाला टेकवलं.

"आली त येऊ दे. महालक्ष्मीबी बाईच हाये, तिले समजते. चाल, आंबील ढवळ."

छाया चुलीपाशी बसली. बरं, मीही निघते आता. आज माझाही कामाचा दिवस आहे.