मोजून दोन मिनिटं

"साखर किती, सर?" निम्म्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कपात तीन चमचे ओतले. सरांना मधुमेह आहे, हे त्याने पेपरात वाचलं होतं.

सर सोफ्यावर ऐसपैस बसले होते. समुद्रापलीकडच्या देशाच्या मुलींच्या फुटबॉल संघाचे आता ते मुख्य प्रशिक्षक. केस पिकले होते, पण जीभ तशीच, लोण्यात बुडवून काढलेली. "तुझ्या पोरीचा डावा पाय म्हणजे काय सांगू! शेवटी तुझ्या वडिलांचं रक्त. येऊ दे तिला आमच्याकडे. शनिवारी पात्रता सामना आहे. मंगळवारी यादी बंद होते, तेवढं लक्षात ठेव."

"येईल की. शुक्रवारी विमानात बसवतो."

सरांनी समाधानाने चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "तुलाही पहिली संधी मीच दिली होती. आठवतं ना?"

आठवतं ना म्हणे! अहो, चोवीस वर्षं या माणसाला दुसरं काही आठवतच नव्हतं.

निम्म्याची आई इथली, वडील तिकडचे. म्हणून क्लबातल्या पोरांनी त्याला निम्मा म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. एकोणिसाव्या वर्षी दोन्ही देशांचा त्याच्यावर डोळा होता. आता या खेळाचा नियम असा, की राष्ट्रीय संघाकडून मोजणीतल्या सामन्यात एकदा मैदानात पाऊल टाकलं की तुम्ही त्या देशाचे झालात. दुसऱ्याचं दार कायमचं बंद. सरांनी त्याला तिकडे बोलावून घेतलं, बाकावर बसवलं आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पाठीवर थाप मारून म्हणाले, "सामना काय, संपल्यातच जमा आहे. जा, जरा पाय मोकळे करून ये." निम्मा वेड्यासारखा धावत सुटला. स्टँडमध्ये वडील उभे राहून रडत होते. चेंडू पायाला लागायच्या आत शिट्टी वाजली.

त्यानंतर सरांनी त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही. बोलवायचं नव्हतंच मुळी. इथल्या संघाला तो मिळू नये, एवढ्यासाठी त्याला अडकवून ठेवला होता. घरी परतला तर इथल्या संघाचं बोलावणं टेबलावर येऊन पडलेलं. आईने ते पाकीट उचलून आत नेलं. मग सोळा वर्षं दुसऱ्या फळीच्या क्लबात लेफ्ट बॅक, गुडघ्याची दोन ऑपरेशनं, आणि आता त्याच क्लबाच्या मैदानाची निगा. गवत कापायचं, पांढऱ्या रेघा मारायच्या. तो दोन मिनिटांचा शर्ट कपाटात तसाच होता. घाम आलाच नव्हता, तर धुणार काय!

आणि आज तोच माणूस नाक घासत दारात आला होता. निम्म्याने पोरीच्या होकाराच्या कागदावर बाप म्हणून फर्रकन सही केली. सर निघताना त्याने त्यांना कोटसुद्धा घालून दिला.

दुसऱ्या दिवशी रेघा मारायचं यंत्र मैदानात तसंच सोडून तो इथल्या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक बाईंकडे गेला. पोरगी सहा महिने त्यांच्याकडे सरावाला जात होती. राखीव यादीत नावही होतं. तिने अजून होकार तेवढा दिला नव्हता.

"बुधवारच्या सामन्यात उतरवा तिला. शेवटची दोन मिनिटं. पुरे होतील," निम्मा म्हणाला.

बाईंनी मान वर केली. "ती तयार आहे? परवापर्यंत तर विचार करते म्हणत होती."

"मी बाप आहे ना तिचा."

बाईंनी पुढे विचारलं नाही. त्यांनाही तो डावा पाय हवाच होता.

संध्याकाळी पोरगी पायरीवर बसून जुन्या टूथब्रशने बुटांचा चिखल काढत होती. "बाबा, बुधवारी मला उतरवणार म्हणतात. मी अडकणार नाही ना? मला अजून नीट ठरवायचंय. लाथ मारायला आजोबांनी शिकवलं, त्यांच्या देशाकडून खेळावं असं आतून वाटतं रे कधीकधी. आणि इथल्या मैत्रिणीही सोडवत नाहीत."

"ठरव की सावकाश. कोण घाई करतंय?"

"पण मग बुधवारी..."

"छे गं! दोन्ही संघ स्पर्धेतून कधीच बाहेर पडलेत. असला सामना कोण मोजतंय? जा, जरा पाय मोकळे करून ये."

वाक्य तोंडातून गेलं आणि त्याला कुठेतरी खटकलं. पण नेमकं कुठे, हे बघायला त्याला सवड नव्हती. पोरगी खुदकन हसली आणि दुसरा बूट घासायला घेतला.

मंगळवारी यादी बंद झाली. सरांनी आपली सगळ्यात अनुभवी फॉरवर्ड वगळून पोरीचं नाव घातलं आणि पेपरवाल्यांना बोलावून छाती फुगवून सांगितलं. निम्म्याने ती बातमी तीनदा वाचली.

बुधवारी सत्त्याऐंशीव्या मिनिटाला त्याने स्टँडमधून फोन लावला. "सर, टीव्ही लावा."

पोरगी रेघेपाशी उड्या मारत उभी होती. पंचांनी खूण केली आणि ती आत धावली. फोनमध्ये सर ओरडले, "अरे, हा मोजणीतला सामना आहे! यादी बंद झालीय, मी आता कुणाला खेळवू? माझी नोकरी जाईल रे!"

"जाऊ द्या की! पाय मोकळे करतेय ती, सर. मोजून दोन मिनिटं." त्याने फोन ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. वा रे वा! चोवीस वर्षांचा काटा आज निघाला. खाली पोरगी कुणीतरी पास देईल म्हणून हात वर करून धावत होती. शिट्टी वाजली तेव्हाही तिचा हात वरच होता.

खेळाडूंच्या बोगद्यातून ती शेवटी बाहेर आली. अंगात ट्रॅकसूट, हातात शर्ट.

"बाईंनी मिठी मारली," ती म्हणाली. "म्हणाल्या, आता तू कायमची आमची."

निम्म्याचं हसू ओठांवरच राहिलं. "अगं, तुला माहीत नाही, त्या माणसाने माझं काय..."

"माहीत आहे. लहानपणापासून ऐकतेय. मी कदाचित इथेच राहिले असते, बाबा. खरंच. पण मला कुणी विचारलंच नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "तुझ्याजवळ एक आहेच ना कपाटात? हाही ठेव."

तिने शर्ट त्याच्या हातात दिला आणि एकटीच फाटकाकडे चालू लागली. निम्म्याने शर्ट उलगडला. दुकानातल्या घड्या तशाच होत्या. त्याने बोटांनी काखेत, पाठीवर, गळ्याशी चाचपून बघितलं. शर्ट कोरडा ठणठणीत होता.