हायवेकडे तोंड असलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. कपड्यांची नाही, दागिन्यांची नाही. मला घुबडांसाठी बनवलं होतं. हायवेच्या कडेला एका उंच झाडावर मी गेली सहा वर्षं टांगलेली आहे. माझ्याइतकी करंटी पेटी दुसरी नसेल.

एका म्हाताऱ्या सुताराने उरलेल्या फळ्यांतून मला घडवलं. कडा घासून गुळगुळीत केल्या, पुढे एक गोल भोक पाडलं. जागा निवडताना मात्र तो हट्टाला पेटला. "दुकानाच्या दारातून दिसली पाहिजे. एवढी हौसेने केलीय, ती काय रानात नेऊन टाकू?" दुकान हायवेलगत, म्हणून मीही हायवेलगत.

पहिल्याच वर्षी गव्हाणी घुबडांची जोडी आली. चार पिल्लं झाली. सुतार येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून माझ्यापाशी आणायचा. पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी पिल्लांच्या पायांत नंबराच्या कड्या घातल्या आणि माझं तोंड भरून कौतुक केलं. पुढे दरवर्षी नव्या पिल्लांना कड्या घालायला त्या येऊ लागल्या. मी नुसती फुलून गेले. पुढे पिल्लं उडायला लागली आणि एकेक करून परत यायची थांबली. मला वाटलं, मोठी झाली, आपापल्या वाटेने गेली. दुसऱ्या वर्षीही मला तसंच वाटलं.

तिसऱ्या वर्षी सुताराची मुलगी रस्तादुरुस्तीच्या टोळीत लागली. रस्त्यावर मेलेली जनावरं सकाळी उचलायचं काम तिच्याकडे आलं. एक दिवस ती थेट माझ्या झाडाखाली आली. सुतार तिथेच उभा होता. तिने मूठ उघडून त्याला कडी दाखवली.

"बाबा, रस्त्यावर मेलेलं घुबड सापडलं. आपल्या पेटीतलं होतं."

हायवेच्या कडेच्या वाढलेल्या गवतात उंदीर फार. त्यांच्यासाठी घुबडं जमिनीलगत उडायची आणि ट्रकखाली सापडायची. दोन वर्षांत सुताराच्या डिंकाच्या डब्याच्या झाकणात नऊ कड्या जमल्या.

त्या वर्षी कड्या घालायला आलेल्या बाईंनी ते झाकण पाहिलं. "काका, पेटी कोसभर आत न्या. आणि इथे कडेला उंच, दाट झाडी हवी, म्हणजे पक्षी ट्रकच्या वरून जातील."

"एवढ्या लांब? मग मला दिसणार कशी?"

"बाबा, तुम्हाला पेटी दिसावी म्हणून पिल्लं मरताहेत," मुलगी म्हणाली.

सुताराचा चेहरा पडला. तेव्हा माझ्यात तीन पिल्लं होती. "एवढी उडाली की काढतो," तो कसाबसा म्हणाला.

ती उडाली. पंधरा दिवसांत तिघांच्याही कड्या झाकणात आल्या. त्या दिवशी सुताराने कामाचं टेबल फिरवलं. आता तो दाराकडे पाठ करून रंधा मारतो. मुलगी म्हणाली, "शिडी आणते, काढू या ती." तो ओरडला, "त्या पेटीचं नाव काढू नकोस!" तिने झाडीसाठी अर्ज दिला होता. खड्डे खणले गेले, रोपं आलीच नाहीत. मग तिची बदली दूरच्या रस्त्यावर झाली आणि मी तशीच लटकत राहिले.

काल संध्याकाळी नवी जोडी आली. मादीने डोकं आत घालून चारही कोपरे पाहिले. मी कोरडी आहे, उबदार आहे. तिला मी पसंत पडले. मला दार असतं तर मी ते लावून घेतलं असतं. पण मला नुसतं भोक आहे.

मित्रांनो, पक्ष्यांसाठी पेटी कराल तर ती मोठ्या रस्त्यापासून लांब लावा. तुम्हाला दिसली नाही तरी चालेल. आणि आधी कुणीतरी शिडी घेऊन इकडे या. तिने अजून अंडी घातलेली नाहीत.