शंभरातले शहाण्णव टिकले

मामानं सरळ अट घातली होती. "ट्रेनिंगवरून काम केल्याचं पत्र आण, नाहीतर सोमवारपासून माझ्या दुकानात पॅकिंगला बस. कॉम्प्युटरचं खूळ पुरे झालं." आई इस्त्री करत होती, तिनं मान वर केली नाही. फी मामाच भरत होता ना!

आता ट्रेनिंगचं ऐका. गरिबाघरची मुलं कॉम्प्युटरचं शिक्षण अर्ध्यात सोडतात, म्हणून त्यांना प्रत्यक्ष काम द्यायचं, अशी कंपनीची थोर योजना. पहिले तीन आठवडे मी प्रत्यक्ष कीबोर्ड पुसले. चौथ्या आठवड्यात त्याच कीबोर्डवर हात ठेवून आमचा फोटो काढला. मॉनिटर बंदच होता, पण फोटोसाहेब म्हणाले, "हसा!" योजना चालवणाऱ्या साहेबांना हे नाव आम्हीच ठेवलेलं.

शेवटच्या आठवड्यात त्यांना योजनेतली किती मुलं कॉलेजात टिकली, त्याचा अहवाल हवा होता आणि नेमका तो काढणारा रजेवर. "तू बघ गं, नुसतं बटण दाबायचंय." दाबलं. शंभरातले शहाण्णव टिकले! यादी उघडली तर त्यात माझ्या बाकावरची मैत्रीण, ट्रेनिंगच्या आधीच्या तुकडीतली. अहो, ती सहा महिन्यांपूर्वी कॉलेज सोडून मोबाईलची कव्हरं विकायला बसली! मग प्रोग्रॅम वाचला. कॉलेज सोडल्याचा फॉर्म ज्यानं भरला नाही, तो टिकला. जाणारा कशाला फॉर्म भरत बसतोय?

दोन दिवस डोकं खाजवलं, चारदा चुकले, पण परीक्षेला बसला तोच टिकला, असा बदल करून दाखवला. आकडा आला एकेचाळीस. खरं सांगते, इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

साहेबांचं तोंड उतरलं. "जास्त शहाणपणा नकोय. शहाण्णव कर आणि पत्र घेऊन जा."

"पण ते खोटं आहे, सर."

"मग पत्र विसर."

मी नाही केलं. त्यांनी जुनाच अहवाल पुढे पाठवला, फोटोसकट.

रिकाम्या हातानं घरी आले. मामा म्हणाला, "झालं समाधान?"

"संध्याकाळी दुकानात बसेन, फी माझी मी भरेन. कॉलेज सोडणार नाही."

आईनं इस्त्री उभी केली. "पण कॉम्प्युटरचं काम येतं का तुला?"

"येतं."

सोडलं असतं तरी साहेबांच्या यादीत मी टिकलेलीच राहणार होते. म्हटलं, निदान माझं नाव तरी त्यात खोटं पडू द्यायचं नाही.