दम न लागणारा आवाज

कौसल्याबाईंचा मेसेज आला तेव्हा मार्तंडराव जेवत होते. अंबडच्या सरकारी दवाखान्यात कौसल्याबाईंनी मार्तंडरावांच्या बायकोच्या, नर्स असलेल्या विमलच्या हाताखाली वर्षानुवर्षं आया म्हणून काम केलेलं. विमल वारली तरी त्यांनी मार्तंडरावांची विचारपूस करायचं सोडलं नव्हतं. मेसेजमध्ये एक लिंक होती आणि खाली लिहिलं होतं, 'सिस्टरचं हे नवं कधी रेकॉर्ड केल्तं? मी तर ऐकलंच न्हवतं.'

मार्तंडरावांनी डाव्या हातानं लिंक दाबली. वर पत्ता ओळखीचा, विमलच्याच वेबसाइटचा. निवृत्त झाल्यावर नव्या बाळंतिणींसाठी तिनं जे बोलून ठेवलं होतं, ते सगळं तिथं होतं. बाळाला कसं धरायचं, दूध कसं पाजायचं, ताप आला तर कधी धावायचं. तिचा तो चष्म्यातला फोटोही होता. मग आवाज सुरू झाला आणि मार्तंडरावांचा घास हातातच राहिला.

"बाळ सारखं रडत असेल तर घाबरू नका गं पोरींनो. हे थेंब रोज संध्याकाळी जिभेवर सोडा. बाळ शांत झोपतं, तुम्हीही झोपा."

विमलची सगळी रेकॉर्डिंग्ज त्यांना पाठ होती. तिच्यामागे घरात तेवढीच तर बोलणारी गोष्ट उरली होती. पण हे वाक्य त्यात नव्हतं. त्यांनी पुन्हा लावलं. 'पोरींनो' म्हणताना शेवटी किंचित वर जाणारा सूर तिचा होता. 'झोपा'मधला लाड तिचा होता. एकच गोष्ट वेगळी होती, आणि ती कळायला त्यांना तिसऱ्यांदा ऐकावं लागलं. विमलला दम लागत नव्हता.

शेवटच्या वर्षात तिची फुप्फुसं आकसत गेली होती. रेकॉर्डिंग केली तीही त्याच वर्षात. दर दोन वाक्यांनी ती थांबायची, श्वास ओढून घ्यायची, मग पुढचं बोलायची. इथं ती सलग बोलत होती, मोकळी, जिना चढून आली तरी धाप न लागणाऱ्या जुन्या दिवसांतल्यासारखी. जणू मधल्या काळात ती कुठंतरी बरी होऊन आली होती.

थेंबांचं बोलणं त्यांना खटकलं नाही असं नाही. आईच्या दुधाशिवाय बाळाच्या तोंडात मध नको, घुटी नको, पाणीसुद्धा नको, हे सांगत विमलनं अख्खी नोकरी काढली होती. सासवांशी भांडली होती. हे तिचं बोलणं असूच शकत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. पण कोणाला सांगितलं की तो आवाज काढून टाकतील. कौसल्याबाईंना त्यांनी उत्तरच दिलं नाही. दुपारी दार लोटून घ्यायचे, फोन उशीजवळ ठेवायचे आणि शब्दांकडे कान बंद करून नुसता आवाज ऐकायचे. घरात कोणीतरी बरं झालेलं माणूस वावरतंय असं वाटायचं. एकदा तर ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले, आणि आपण इथं कशाला आलो हे त्यांना आठवेना.

मग तीर्थपुरीहून फहीमचा फोन आला. घरचा नंबर वेबसाइटवर होताच.

"विमल सिस्टरच्या घरचे बोलून राह्यले का?" आवाज तरणा आणि घाबरलेला. "सिस्टरनी सांगितलेले थेंब आमच्या पोरीला दिले होते जी. ती उठूनच न्हाई राह्यली. जालन्याला आणलंय. डॉक्टर विचारून राह्यले, थेंबात काय आहे? सिस्टरला जरा विचारून सांगता का?"

मार्तंडरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "सिस्टर..." ते म्हणाले, "सिस्टर नाहीत. गेल्या त्या."

"कधी?" फहीमनं विचारलं. "मागच्या हप्त्यात तर बोलल्या लिंकवर."

फोन ठेवून ते तसेच निघाले, मिळाली ती एसटी धरून जालन्याला. दवाखान्यात जायची हिंमत झाली नाही. ते जुन्या जालन्यात साजियाकडे गेले. कापडाच्या ठोक दुकानावरच्या एका खोलीत साजिया लोकांच्या वेबसाइट बनवायची. विमलचीही तिनंच बनवली होती, आणि रेकॉर्डिंगही याच खोलीत झालं होतं. विमलला जिना चढवायला तेव्हा दोघांनी दोन बाजूंनी धरलं होतं.

साजियानं लिंक पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "काका, हे आपल्या साइटवर न्हाईच आहे."

"पत्ता तर आपलाच आहे."

"पत्ता आपला, पण आवाज बाहेरून येऊन राह्यला." तिनं खुर्ची ओढून त्यांना बसवलं. "साइट बनवताना आम्ही एक तयार साचा घेतो. त्या साच्यात आवाज वाजवायचा प्लेयर आधीपासून घातलेला असतो, तिसऱ्याच कोणीतरी बनवलेला. मला तो पसंत न्हवता, म्हणून मी दुसरा लावला. पण जुना आतल्या फोल्डरमध्ये तसाच पडून राह्यला. त्याला लिंकच्या शेपटीत ज्या फाइलचा पत्ता द्याल, ती तो वाजवतो. कोणाची आहे, कुठून आली, काही विचारत न्हाई. फोटोही तसाच बाहेरून, खालचं थेंब मागवायचं बटनही बाहेरचंच. बघणाऱ्याला वाटतं सिस्टरच्याच घरात बसलोय."

"मग हे भोक कोणाला माहीत नव्हतं?"

"होतं ना. बनवणाऱ्यांनी कधीच बुजवलं, नवा प्लेयर काढला. पण मला सुधारणेची सूचना येते ती फक्त साच्याची. त्याच्या पोटात काय जुनं सडून राह्यलंय ते मला दिसतच न्हाई. मीही कधी उघडून बघितलं न्हाई."

"आणि आवाज? तो तर तिचाच आहे."

साजियानं लिंक पुन्हा एकदा लावून ऐकली. "आजकाल यंत्राला आवाज ऐकवला की ते तसंच बोलतं, काका. सिस्टरचं एवढं बोलणं साइटवर होतंच. तेच उचललं असेल." मग तिनं विचारलं, "तुम्हाला ही लिंक कधी मिळाली?"

मार्तंडराव खिडकीबाहेर बघत राहिले. खाली रिक्षा, दुचाक्या आणि कापडाच्या गाठी उतरवणारे हमाल यांची एकच गर्दी झाली होती. "झाले बरेच दिवस," ते म्हणाले.

साजियानं कीबोर्ड जवळ ओढला. ती स्क्रीनकडे वळली. "फोल्डर काढून टाकते. लिंक जागेवर बंद पडेल."

"जरा थांब."

तिला वाटलं, त्यांना काहीतरी विचारायचंय. तिचा हात वरच्या वर थांबला. मार्तंडरावांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. "काढ," ते म्हणाले. "काढ लवकर."

दोघांनी मिळून सायबर पोलिसांत तक्रार दिली. थेंब विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झाला होता, आणि तो कोण हे पुढंही कळलं नाही. मार्तंडरावांनी साजियाच्या खोलीत बसून स्वतःच्या आवाजात एक सूचना रेकॉर्ड केली. विमल आता हयात नाही, तिनं कधीच कुठले थेंब सांगितले नाहीत. स्वतःचा आवाज त्यांना परका, खरखरीत वाटला.

पोर वाचली. थेंबात झोपेचं औषध निघालं. ती घरी आल्याचं फहीमनं कळवलं तसे मार्तंडराव तीर्थपुरीला गेले. फहीमची बायको मैमूना पोरीला मांडीवर घेऊन दारात बसली होती. पोर टक्क जागी होती, मुठी हवेत नाचवत होती.

"माझा जनम सिस्टरच्याच हातचा, चाचा," मैमूना म्हणाली. "अम्मी सांगायची, आवाजानंच अर्धं दुखणं जायचं. दुसऱ्या कोणाचं ऐकलं नसतं मी."

"ती नव्हती, बेटा."

"आवाज तर तोच होता."

"आवाज तोच होता," मार्तंडराव म्हणाले. "मलाही कळलं होतं की बोलणं तिचं नाही. तुझ्या आधी कळलं होतं. मी गप्प बसलो."

मैमूनानं त्यांच्याकडे पाहिलं. ती रागावली नाही. फक्त पोरीला उचलून तिनं छातीशी घेतलं आणि आत गेली. थोड्या वेळानं फहीम चहा घेऊन बाहेर आला. ती पुन्हा आली नाही.

परतीच्या एसटीत अर्ध्या सीटा रिकाम्या होत्या. अंबडचा फाटा दूर होता. मार्तंडरावांना डुलकी लागत होती, तोच मागून विमल म्हणाली, "घाबरू नका गं पोरींनो."

ते झटक्यात मागं वळले. दोन सीटा मागं एक बाई नातवाला घेऊन फोन कानाशी धरून बसली होती. लिंक बंद झाली होती, पण कोणीतरी तो आवाज आधीच उतरवून घेतला होता, आणि आता तो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत होता. दांड्याला धरत ते तिच्याशेजारी जाऊन बसले.

"बाई, हे खोटं आहे. ही माझी बायको. ती वारली. हे तिनं सांगितलेलं नाही."

बाई बावरली. "अगं बाई! मंग खरं कोणतं?"

त्यांनी आपला फोन काढला आणि विमलचं दुधाबद्दलचं रेकॉर्डिंग लावलं. विमल बोलली, थांबली, छातीतून शीळ वाजावी तसा श्वास तिनं ओढला, पुन्हा बोलली. बाईनं कान देऊन ऐकलं. "हिला किती धाप लागून राह्यली," ती हळहळली. "त्यातली चांगली ठणठणीत वाटते ना हो." पुसून टाकते म्हणाली, आणि फोन तसाच पिशवीत टाकून नातवाला खिडकी दाखवू लागली.

मार्तंडराव जागेवर परतले. रेकॉर्डिंग अजून चालू होतं. त्यांनी फोन कानाशी नेला. "बाळाला घाई नका करू, त्याचं ते शोधतं," विमल म्हणाली, आणि ते दचकले. ही ओळ खरंच तिची होती का? त्यांनी मागं नेऊन ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. असणार, होतीच, रेकॉर्डिंगच्या दिवशी खोलीत साजिया समोर होती, पाण्याचा ग्लास होता. पण ती ओळ म्हणताना विमलचे ओठ कसे हलले होते ते त्यांना काही केल्या दिसेना. बाहेर कपाशीची रानं सरकत होती. अंबड आलं तरी ते तेच वाक्य ऐकत बसले होते, आणि कंडक्टरला त्यांना दोनदा हाक मारावी लागली.